जॉर्ज हॅरिसनचा तीन एलपीचा सेट, महिनाभर ऐकून झाल्यावर

शाहूपुरीतल्या एका दुकानातनं 'ऑल थिंग्ज मस्ट पास' या अल्बमचा तीन एलपीचा, म्हणजे तीन मोठ्या रेकॉर्डचा, सेट मागवला, 2021 ला पन्नाशीच्या निमित्तानं नवीन मिक्स करून काढला तोच. पाच हजारांच्या वर गेला. महिनाभर जवळपास रोज लावलाय, त्यामुळं आता मनापासनं लिहितो.

ज्यांना हॅरिसन फक्त बीटल्स बँडमधला एक म्हणून माहितीय त्यांच्यासाठी थोडं सांगतो. चौघांत सगळ्यात लहान, 1943 चा जन्म, लिव्हरपूलचा. गाणी लिहायला लागला पण बँडमधले लेनन आणि मॅकार्टनी पुढं असल्यामुळं बऱ्याचदा एका अल्बमला याची एक-दोनच गाणी लागायची, बाकीची वहीतच. या सेटचं नाव ज्या गाण्यावरनं आहे ते त्यानं जानेवारी 1969 मध्ये बँडला वाजवून दाखवलेलं, ते सुद्धा राहिलं ते राहिलंच. मग 1970 ला बँड फुटला आणि राधानगरी धरणाचे दरवाजे उघडावेत तसं सगळं एकदम बाहेर आलं, नोव्हेंबरमध्ये तीन रेकॉर्ड, 23 ट्रॅक. सत्तावीस वर्षांचा पोरगा हो!

आता आवाजाचं. मूळ रेकॉर्डिंग फिल स्पेक्टर या निर्मात्याबरोबर केलेलं, त्याची पद्धत म्हणजे दोन-दोन ड्रमर, चार-पाच गिटारी, पियानो, ब्रास सगळं एकत्र आणि वरनं भरपूर एको. माझ्याकडं जुनी सीडी होती, त्यात हॅरिसनचं गाणं ऐकायचं म्हणजे मिरवणुकीत शेजारच्याचं बोलणं ऐकल्यासारखं, कान लावून बसायला लागायचं. 2001 च्या सीडीवेळी त्यानं स्वतःच लिहिलेलं की ही गाणी त्या मोठ्या आवाजातनं मोकळी करावीशी वाटतात, पण त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तो गेला, 58 व्या वर्षी. पुढं पोरानं, धनीनं, पॉल हिक्स या इंजिनिअरला घेऊन ते काम पुरं केलं. आणि लई चांगलं केलंय. गाणारा पुढं आलाय, बेस स्वच्छ कळतो, तिसऱ्या साइडचं 'बिवेअर ऑफ डार्कनेस' तर रात्री लाइट घालवून ऐकावं असं. 'वा-वा' अजून गच्चच वाटतं, पण ते गाणंच तसलं आहे.

मला खरं सांगायचंय ते स्लाइड गिटारबद्दल. आमच्या आबांनी तरुणपणी सतार शिकलेली, मिरजेत बनवून घेतलेली त्यांची सतार अजून खोळ घालून कपाटाशेजारी उभी असते, आणि इंग्रजी गाणी त्यांना मुळीच आवडत नाहीत. पहिल्या साइडचं दुसरं गाणं, 'माय स्वीट लॉर्ड', लागलेलं, आबा पेपर वाचत होते, सुरुवातीची गिटार संपली तशी पेपर खाली ठेवून म्हणाले, "परत लाव बघू." सुई उचलून परत ठेवली. म्हणाले, "अरे हा मींड घेतोय की." मग उठून खोळ काढली, तारा पार उतरलेल्या, बाजाची तेवढी तार कशीबशी वर चढवली आणि एकाच पडद्यावर बोट ठेवून तार बाजूला ओढत ओढत सा वरनं ग पर्यंत नेऊन दाखवली, मधे कुठं तुटायचं नाव नाही. गिटारवाला पडद्यावर दाबतच नाही, काचेची नाहीतर धातूची नळी तारेवरनं सरकवतो, हत्यार वेगळं पण सूर जातो त्याच वाटेनं.

आणि यात नवल नाही. 1966 ला हा मुंबईत येऊन रविशंकरांकडं सतार शिकत होता, जानेवारी 1968 ला मुंबईतच एचएमव्हीच्या स्टुडिओत आपल्या वादकांना घेऊन एका सिनेमाचं संगीत रेकॉर्ड केलं, तोच त्याचा पहिला सोलो अल्बम. त्याच वर्षी सतार सोडून परत गिटारकडं वळला आणि 1969 च्या डिसेंबरमध्ये एका टूरवर स्लाइड हातात घेतली. मला तर पक्कं वाटतं, हातातनं सतार गेली पण कानातनं गेली नाही. 'माय स्वीट लॉर्ड'मध्ये शेवटाकडं कोरस "गुरुर्ब्रह्मा गुरुर्विष्णु" म्हणतो, ते ऐकून आई पिठाच्या हातानं बाहेर येऊन उभी राहिली, तिला वाटलं चॅनेल बदललं.

याच गाण्यावरनं पुढं कोर्टात केस झाली आणि 1976 ला जजनं सांगितलं की नकळत का होईना, 1963 च्या एका गाण्याची चाल उचललीय. मला त्यामुळं गाणं कमी वाटत नाही. पुढच्या सोलो प्रवासात 1971 चा बांगलादेशच्या निर्वासितांसाठीचा न्यूयॉर्कचा कार्यक्रम मोठा, 1974 ची टूर घसा बसल्यामुळं अवघड गेली, 1987 ला 'क्लाउड नाइन'नं परत वर आला. शेवटचा अल्बम तो गेल्यावर 2002 ला आला, तोही ऐका, स्लाइड तिथं अजून कमी बोलते आणि जास्त सांगते.

तक्रारी दोन. तिसरी रेकॉर्ड म्हणजे नुसता मित्रमंडळींचा जॅम, म्हणजे जमून सुचेल तसं वाजवलेलं, मी दोनदा लावली आणि बास. दुसरं, कुरिअरवाल्यानं बॉक्सचा कोपरा चेपून आणला, दुकानदार बदलून देतो म्हणाले पण परत तीन आठवडे कोण थांबणार, ठेवून घेतला. तुम्ही मागवलात तर दुकानातच उघडून बघा, रेकॉर्ड वाकलीय का तेही प्लेअरवर फिरवून बघा. यापेक्षा मोठे, डेमो म्हणजे गाण्यांची आधीची कच्ची रेकॉर्डिंग असलेले सेट पण मिळतात, पहिल्यांदा घेणाऱ्यानं हाच घ्यावा.

आबांनी तारांची यादी करून दिलीय, रविवारी मिरजेला जायचंय.