मोमेटासोन मलम: आठ महिन्यांनंतर

लेकाला इसब आहे. कोपरांच्या लवणीत आणि गुडघ्यांमागे जास्त, गालांवर अधूनमधून. डॉक्टरांनी अंगासाठी मोमेटासोन ०.१ टक्का आणि चेहऱ्यासाठी हायड्रोकॉर्टिसोन १ टक्का दिलं होतं. ‘स्टेरॉइड’ हा शब्द वाचला आणि माझा हात आखडला.

पहिले तीन महिने मी काय केलं ते आधी सांगते, कारण खरं नुकसान तिथेच झालं. मुगाच्या दाण्याएवढं मलम दोन्ही पायांना पुरवायचे. लाली जरा उतरली की लगेच बंद. पाचव्या दिवशी पुन्हा खाज, चादरीवर रक्ताचे ठिपके, रात्रभर जागरण. मग पुन्हा तेवढंच चोरून लावणं. घरातल्या मोठ्यांचा एकच धोशा, “कातडी पातळ होईल.” मलाही तेच वाटत होतं.

पुढच्या भेटीत डॉक्टरांनी माझ्याच बोटावर मलम काढून दाखवलं. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत एक रेघ, म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. मोठ्या माणसाच्या दोन पंज्यांएवढ्या जागेला ती पुरते. मी त्याच्या पावपटही लावत नव्हते! आग अर्धवट विझवून सोडत होते, म्हणून ती धुमसत राहत होती.

त्यानंतर रोज रात्री एकदाच, पण पुरेसं लावलं. हात फिरवल्यावर चट्टा खरखरीत लागेनासा होईपर्यंत थांबले नाही. नऊ दिवस लागले. आता आठवड्यातून दोनच रात्री, नेहमी उमटणाऱ्या जागांवर, आणि साधं मॉइश्चरायझर मात्र दिवसातून दोनदा, भरपूर. हिशोब केला तर घाबरत लावायचे तेव्हापेक्षा आज ट्यूब जास्त दिवस पुरते.

भीती अगदीच खोटी नाही. तीव्र मलम चेहऱ्यावर, जांघेत किंवा काखेत महिनोन्‌महिने, कुणाच्या देखरेखीशिवाय लावलं तर त्वचा खरंच पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात. म्हणून अंगाचं मलम मी गालाला लावत नाही आणि दर तपासणीला कोपरांची लवण मुद्दाम दाखवते. आतापर्यंत तिथे काही झालेलं नाही. मध्यंतरी फिकट डाग दिसले तेव्हा मी हादरले होते. ते इसब बरं होताना मागे राहिलेले डाग होते, मलमाचे नव्हेत, आणि हळूहळू ते भरत आलेत.

पापण्यांना खाज सुटली की अजूनही पोटात गोळा येतो. तिथे मी मनाने काहीच लावत नाही, आधी विचारते.