पीजीबाउन्सर : डेटाबेसच्या दारातील गर्दी आवरणारे साधन

वडोदऱ्यातील दांडिया बाजार आणि रावपुरा भागातल्या औषधांच्या दुकानांसाठी आमचे छोटे कार्यालय बिले आणि साठ्याची प्रणाली चालवते. संध्याकाळी दवाखान्यांची वेळ झाली की सगळ्या काउंटरांवरून एकदम बिले निघू लागतात आणि डेटाबेसकडे येणाऱ्या जोडण्यांची, म्हणजे कनेक्शन्सची, संख्या झपाट्याने वाढते. पोस्टग्रेस्क्यूएल हे आमचे डेटाबेस सॉफ्टवेअर प्रत्येक जोडणीसाठी सर्व्हरवर वेगळी प्रोसेस, म्हणजे स्वतंत्र चालणारा प्रोग्रॅम, सुरू करते. मूळ मांडणीत अशा 100 जोडण्यांचीच मुभा असते आणि त्यांतल्या 3 व्यवस्थापकासाठी राखीव असतात. मर्यादा वाढवता येते, पण त्यासाठी सर्व्हर पुन्हा सुरू करावा लागतो, आणि रिकाम्या बसलेल्या जोडण्याही मेमरी अडवतात.

पीजीबाउन्सर हे मुक्त साधन अ‍ॅप्लिकेशन आणि डेटाबेस यांच्या मध्ये उभे राहते. अ‍ॅप्लिकेशनने डेटाबेसच्या 5432 ऐवजी पीजीबाउन्सरच्या 6432 या पोर्टवर, म्हणजे सर्व्हरच्या क्रमांकित दारावर, बोलायचे, एवढाच बदल बहुतेक ठिकाणी पुरतो. बाहेरच्या शेकडो जोडण्या ते सांभाळते आणि आत मोजक्याच जोडण्या आळीपाळीने वापरते; आतल्या जोडण्यांच्या या संचाला पूल म्हणतात. ते स्वतः इतकी कमी मेमरी घेते की लहान सर्व्हरवरही त्याचा भार जाणवत नाही.

खरा विचार करावा लागतो तो आतली जोडणी किती वेळ द्यायची याची पद्धत निवडताना. मूळच्या सेशन पद्धतीत बाहेरची जोडणी तुटेपर्यंत आतली जोडणी तिच्यासाठीच राहते, म्हणून ही पद्धत सुरक्षित आहे. परंतु अ‍ॅप्लिकेशन जोडणी दिवसभर धरून ठेवत असेल, तर तिचा फारसा उपयोग नाही. ट्रान्झॅक्शन पद्धतीत व्यवहार (एकत्र पार पडणाऱ्या आज्ञांचा गट) पूर्ण होताच आतली जोडणी दुसऱ्याला मिळते, आणि या साधनाचे सारे सामर्थ्य तिथेच आहे. मात्र, मागच्या वापरकर्त्याने ‘सेट’ आज्ञेने ठेवलेले मूल्य त्या जोडणीवर तसेच राहू शकते. कोणते दुकान बोलत आहे हे अशा मूल्यावरून ठरवून नोंदी गाळणाऱ्या प्रणालीत एका दुकानाला दुसऱ्याचा साठा दिसण्याचा धोका त्यामुळे निर्माण होतो. रुग्णांची नावे असलेल्या नोंदींच्या बाबतीत हा धोका मुळीच पत्करू नये. ‘सेट लोकल’ वापरले की ते मूल्य व्यवहारासोबतच संपते; म्हणून पीजीबाउन्सर बसवण्याआधी सगळा कोड या एका नजरेने वाचून काढावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. डेटाबेसकडून येणाऱ्या सूचना ऐकणारी ‘लिसन’ आज्ञा आणि सेशनभर धरलेली अ‍ॅडव्हायझरी कुलुपे (एकच काम दोघांनी एकदम करू नये म्हणून कोडने लावलेली) ट्रान्झॅक्शन पद्धतीत चालत नाहीत. त्यांच्यासाठी डेटाबेसशी थेट वेगळी जोडणी ठेवावी.

प्रिपेअर्ड स्टेटमेंट, म्हणजे आधी तयार करून पुन्हा पुन्हा वापरायची आज्ञा, ट्रान्झॅक्शन पद्धतीत चालत नसे; ही जुनी अडचण पीजीबाउन्सरच्या 2023 मधील 1.21 आवृत्तीने बरीच दूर केली. ड्रायव्हर (डेटाबेसशी बोलणारा कोडचा तयार भाग) प्रोटोकॉलमधून पाठवतो ती स्टेटमेंट्स आता ट्रान्झॅक्शन पद्धतीतही सांभाळली जातात, पण एसक्यूएलमध्ये हाताने लिहिलेली ‘प्रिपेअर’ आज्ञा अजूनही टाळलेलीच बरी.

उणिवाही आहेत. एक प्रोसेस प्रोसेसरचा एकच गाभा (कोर) वापरते, त्यामुळे फार मोठ्या भारासाठी अनेक प्रोसेस चालवाव्या लागतात. आतली जोडणी मिळेपर्यंत रांगेत थांबण्याची मूळ मुदत 120 सेकंद आहे. काउंटरवर औषधासाठी उभ्या असलेल्या माणसाच्या दृष्टीने ती फारच लांब असल्यामुळे आम्ही ती बरीच कमी केली. ‘शो पूल्स’ या आज्ञेतला प्रतीक्षेतील बाहेरच्या जोडण्यांचा रकाना मात्र मला अत्यंत मोलाचा वाटतो, कारण पूल अपुरा पडतो आहे की एखादी क्वेरीच रेंगाळते आहे, याचा शोध तिथूनच सुरू करता येतो.

ज्यांचे एकच अ‍ॅप्लिकेशन आहे आणि त्यात स्वतःचा पूल नीट चालतो, त्यांनी हा जादा टप्पा मध्ये आणू नये.