धनुष्याचा पीळ काढायला घेतलेली हीट गन, कशी वाटली

दोन हजार वॅटची, मागे टेंपरेचरची चकती असलेली हीट गन, म्हणजे गरम हवेचा झोत सोडणारं यंत्र, ऑनलाइन मागवली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. बाकी रिव्ह्यूमधे सगळे पेंट काढल्याचे नाहीतर पाइप वाकवल्याचे फोटो टाकतायत, माझं काम जरा वेगळं आहे, मी धामणीच्या लाकडाची रिकर्व्ह धनुष्यं बनवतो आणि लिम्बला, म्हणजे मुठीच्या वरच्या किंवा खालच्या वाकणाऱ्या भागाला, पीळ पडला की तो काढायला ही लागते.

रिकर्व्हची टोकं पुढे वळलेली असतात, दोरी चढवली की ती टोकाजवळ लिम्बवरच टेकते, त्यामुळे साध्या धनुष्यात खपून जाणारा थोडासा पीळ इथे खपत नाही, दोरी एका कडेला सरकत जाते आणि ऐन ओढताना घसरली तर धनुष्य तर गेलंच, तोंडावर बसली तर वेगळंच.

तर गन. चकती आहे हेच हिचं मोठं सुख. नुसत्या दोन स्विचवाल्या स्वस्त गनने लाकूड वरून काळं पडतं आणि आत गारच राहतं. चकती मध्यावर ठेवायची, लाकडाला आधी तेलाचा हात मारायचा, चार-पाच इंचांवरून सारखी फिरवत राहायचं, घाई अजिबात नाही, आणि पलीकडच्या अंगाला बोट टेकवेना झालं की समजायचं आच आरपार गेली. मग मधला भाग टेबलाला पक्का आवळून, टोकाला दोन पट्ट्यांमधे क्लॅम्प लावून उलटा पीळ द्यायचा, सरळच्या थोडा पुढे, कारण सोडल्यावर थोडं परत येतंच, आणि पूर्ण गार होईस्तोवर तसंच ठेवायचं. त्यानंतरही दोन-तीन दिवस धनुष्य वाकवू नका, शेकून लाकूड कोरडं ठाक झालेलं असतं, हवेतला ओलावा परत घेईपर्यंत कडकन मोडू शकतं.

पण आधी कॅलिपर घ्या हो! लिम्बच्या दोन्ही कडांची जाडी मोजा. एक कड पातळ असेल तर लिम्ब त्या कमजोर बाजूला पिळणारच, तिथे कितीही शेकलं तरी दोरी चढवली की हळूहळू पीळ परत येणार, त्याला इलाज एकच, ताठ बाजूने कानस नाहीतर स्क्रेपर, तेही चार-दोन हात मारून दर वेळी दोरी लावून बघत. जाडी सारखी असून लाकडाच्या रेषाच तिरक्या असतील तर मात्र गन कामाची. आणि पट्ट्या इपॉक्सीने चिकटवून केलेलं धनुष्य असेल तर ही गन लांबच ठेवा, साधं इपॉक्सी साठेक डिग्रीलाच नरमायला लागतं, पट्ट्या सुटल्या की संपलं.

तक्रारी म्हणाल तर वायर फारच आखूड, एक्स्टेंशन बोर्ड गळ्यात घेऊन फिरावं लागतं, आणि उभी ठेवायला जो स्टँड म्हणून दिलाय तो जरा धक्का लागला की आडवा, तापलेलं नोझल टेबलावर. सोबतचं चपटं नोझल मी काढूनच ठेवलंय, ते एकाच जागी जाळतं.

पाचातले चार स्टार. चकतीवाली मिळत असेल तरच घ्या, शे-पाचशे वाचवायला दोन स्विचवाली घेऊ नका.