आरआर युनिट नवीन, बोल्टावरची माती जुनी

बाईकच्या दुरुस्तीवर गेले एकूण ९,८३० रुपये. आकडा आधीच सांगतो, म्हणजे शेवटी विचारायची गरज नाही. बॅटरी २,१५० आणि बसवायचे १५०. आरआर युनिट, म्हणजे कॉइलची वीज बॅटरीला चालेल अशी करून देणारा डबा (रेग्युलेटर-रेक्टिफायर), १,६८० आणि मजुरी २५०. मॅग्नेट कॉइल (इंजिनातली वीज बनवणारी) ३,४००, गॅस्केट १८०, इंजिन ऑइल ४२०, त्याची मजुरी ९००. मोहदरी घाटातून गाडी टेम्पोत टाकून आणली त्याचे ७००. खरा बिघाड निघाला १८० रुपयांचा.

माझी दीडशे सीसीची गाडी, २०१७ ची. रोज नाशिकहून सिन्नर एमआयडीसीत ये-जा, बहुतेक सेकंड शिफ्ट, म्हणजे परतीचा रस्ता अंधारातच. एका सकाळी बटण दाबलं तर नुसतं टक्-टक्. किक मारून गाडी सुरू केली आणि वाटेवरच्या गॅरेजला नेली. गॅरेजचं नाव लिहीत नाही. वकील मित्राने नको म्हणून सांगितलंय.

मिस्तरीने बॅटरीला मीटर लावला आणि म्हणाला, "भाऊ, बॅटरी मेली." बॅटरी चार वर्षं जुनी होती, त्यामुळे मलाही पटलं. जुनी बॅटरी त्यानेच ठेवून घेतली, तिचे पैसे कापले नाहीत. बॅटरीच्या दुकानात जुनी परत दिली की किंमत कमी होते हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, मलाही होतं. पण शिफ्टची घाई होती.

नऊ दिवसांनी पुन्हा टक्-टक्. "मग आरआर युनिट असणार, चार्जिंग बनत नाहीये. गाडी ठेवून जा, बॅटरी रात्रभर चार्जिंगला लावतो." दुसऱ्या दिवशी गाडी एका बटणात सुरू. मीटर लावून १२.८ व्होल्ट दाखवले. "बघा, फुल्ल!" इंजिन बंद होतं. बंद इंजिनावर मोजलेल्या आकड्यातून फार तर बॅटरीत किती भरलंय ते कळतं. ती भरली जातेय की नाही हे त्यातून कळत नाही. मोजायचं ते गाडी सुरू करून, रेस देऊन, चार हजार आरपीएमच्या आसपास. तेव्हा १३.८ ते १४.५ यायला हवेत. १२.५ वर अडकले तर बिघाड आहे, १५ च्या वर गेले तर युनिट बॅटरी उकळवतंय.

आता ज्या क्षणासाठी मी स्वतःला अजून शिव्या घालतो, तो. पैसे देताना साइड पॅनल उघडंच होतं. नवीन युनिट दिसावं म्हणून मी वाकलो. युनिट चकाचक, थंड ठेवणारे पंखे (पाठीवरच्या पट्ट्या) काळेभोर, डिझेलचा वास. आणि ज्या दोन बोल्टांवर ते बसवलेलं असतं त्यांच्या डोक्याभोवती घाटातली लाल माती, पावसाळ्यातली, सुकून दगड झालेली, जशीच्या तशी. दहा नंबरचा पाना त्या डोक्यावर चढला असता तर ती माती टिकली असती का? मी ती पाहिली. नखाने थोडी खरवडलीही. आणि मनात काय आलं? की पोराने गाडी नीट पुसली नाही! मी सीएनसी मशीनवर काम करतो, दिवसभर मायक्रॉन मोजतो, रिजेक्ट झालेल्या जॉबवरचा ओरखडा बघून कुठलं टूल घासलंय ते सांगतो. आणि १,९३० रुपये मोजून देताना मला बोल्ट वाचता आला नाही. कंपनीत हे सांगितल्यापासून मला 'लाल माती' म्हणतात. म्हणू देत.

माझी बाजूही ऐका. गाडी खरंच सुरू होत होती! आठ-दहा दिवस झकास चालायची. सगळी मेख तिथेच आहे, हे मला उशिरा कळलं. रात्रभर चार्जरवर ठेवलेली बॅटरी कुठल्याही रिपेअरिंगला आठवडाभर पास करते. युनिट बदला, बदलल्याचं सांगा किंवा गाडीवर लिंबू फिरवा, निकाल एकच. त्यातून एप्रिल २०१७ पासूनच्या गाड्यांना हेडलाइट बंद करायचं बटण नाही, इंजिन सुरू की दिवा सुरू. अर्धवट चार्जिंग आणि कायम दिवा, म्हणजे बॅटरी रोज थोडी थोडी खाली जाणार.

तिसऱ्यांदा गाडी घाटात बंद पडली, रात्री पावणेबाराला. मग कॉइल. "मॅग्नेट उघडावा लागेल, ऑइल सांडतं, गॅस्केट लागतं." जुनी कॉइल मागितली तर म्हणे भंगारवाला घेऊन गेला. कॉइल खरंच बदलली की नाही, देव जाणे. ऑइल मात्र नवीन दिसतंय. बिल मागितलं तर, "बिल पाहिजे तर जीएसटी लागेल भाऊ, उगाच वाढतील." मी गप्प बसलो. पुढे हेच गप्प बसणं नडलं.

जुना सुटा भाग हातात मिळाल्याशिवाय पैसे सोडू नका. तो भंगारात विकायचा असेल तर आपणच विकू.

अकराव्या दिवशी पुन्हा तेच. या वेळी सासऱ्यांच्या ओळखीच्या एका इलेक्ट्रिशियन काकांकडे गेलो, साठीचे असतील. त्यांनी विचारलं, "बदललं काय काय ते नको, मोजलं काय काय ते सांगा." मी गप्प. त्यांनी गाडी सुरू करून रेस दिली, १२.४. मग पॅनल काढून कॉइलकडून युनिटकडे जाणाऱ्या तीन पिवळ्या वायरींचा कपलर (प्लास्टिकचा जोड) ओढला. तो सहज निघेना. निघाला तेव्हा जळक्या प्लास्टिकचा वास आला. पांढरा कपलर एका कोपऱ्यात चहासारखा तपकिरी, आतली एक पिन काळी पडून सैल झालेली. तिनातली एक वायर गेली तर चार्जिंग पूर्ण बंद होत नाही, लंगडत चालतं, म्हणून फसायला होतं. इंजिन सुरू ठेवून, मीटर एसीवर, कॉइलच्या तिन्ही वायरी दोन-दोन करून मोजल्या. तिन्ही आकडे जवळपास सारखे, म्हणजे कॉइल ठीक. मग इंजिन बंद करून वायर आणि बॉडी यांच्यात कंटिन्युइटी पाहिली, तीही नाही, म्हणजे कॉइल बॉडीला टेकलेली नाही. त्यांनी जळका भाग कापला, नवीन टर्मिनल झाळून स्लीव्ह चढवली. १४.२. पैसे १८०. वर युनिटच्या मागचा शिक्का दाखवला, २०१७ चा, म्हणजे युनिट माझं जुनंच, डिझेलने पुसलेलं. दोन बोल्ट खोलताना माती माझ्याच चपलेवर पडली.

आणि हो, इंजिन चालू असताना बॅटरीचं टर्मिनल काढून 'बघा, गाडी बंद पडत नाही' असं दाखवणाऱ्याच्या हातून गाडी लगेच काढून घ्या. व्होल्टेज उसळून इलेक्ट्रॉनिक्स जळू शकतं.

गॅरेजवाल्याला जाब विचारला तर म्हणाला, "तुम्ही बाहेर हात लावून आणलाय, आता माझी जबाबदारी नाही." चौकीत गेलो. पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्या दिवशी साहेब होते, पण त्यांनी विचारलं, "त्याने जबरदस्तीने पैसे काढले का? नाही ना? मग हे दिवाणी." अर्ज घेतला, पोच दिली नाही. पोच मागितली तर म्हणाले, "विश्वास नाही का?" ग्राहक हेल्पलाइनला फोन केला. चौदा मिनिटं गाणं ऐकलं, मग एका ताईंनी विचारलं, "बिल नंबर?" म्हटलं, बिलच दिलं नाही. "मग बिलाशिवाय तक्रार पुढे कशी पाठवू?" अहो, बिल न देणं ही २०१९ च्या ग्राहक कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा म्हणून लिहिलेली आहे. म्हणजे माझ्याकडे बिल नाही हीच माझी तक्रार, आणि बिल नाही म्हणून तक्रार घेता येत नाही! हे मी फोनवर तीनदा म्हणालो. तिसऱ्यांदा फोन कट झाला. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंत फी लागत नाही, दोन वर्षांची मुदत असते, हे वकील मित्रानेच सांगितलं. त्यानेच पुढे विचारलं, "तारखांना रजा किती टाकशील?" एका रजेचे माझे साडेआठशे जातात. हिशेब तुम्हीच करा. पैसे यूपीआयने दिले होते तेवढा एक पुरावा आहे. रोख दिले असते तर तोही नसता.

परवा त्याच गॅरेजवरून गेलो, रस्ताच तो आहे. बाहेर लाल टाकीची गाडी, सीट काढलेली, बॅटरी चार्जरला लावलेली, आणि विशीतला एक पोरगा डोक्यावर हात ठेवून उभा. शिफ्टला पंचवीस मिनिटं होती, मी थांबलो नाही. दादा, हे वाचत असशील तर आधी पिवळ्या वायरींचा कपलर सोडवून बघ. आणि युनिट बदललंय म्हणाला तर वाकून बोल्ट बघ.