समुपदेशन घ्यायला गेले, कर्ज घेऊन आले

सांगलीतल्या एका पतपेढीत सतरा वर्षं मी कर्जविभागात आहे. जामीनदाराने सहीला पेन उचललं की "आधी वाचा" म्हणणारी बाई मीच. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचून "शिकलीसवरलेली माणसं अशी कशी फसतात" असं तुम्ही म्हणणारच आहात.

मला रात्री खाण्याचा त्रास आहे. भूक नसते. घरातले झोपले की भडंगाचा अर्ध्या किलोचा पुडा ओट्याशी उभ्याउभ्याच संपतो, मग बिस्किटं, मग नुसती सायसाखर. रिकामे पुडे घडी करून पर्समध्ये, सकाळी ऑफिसच्या कचऱ्यात. दिवसा होणाऱ्या धडधडीसाठी मिरजेच्या मानसोपचारतज्ज्ञ बाईंची गोळी चालू होती, फरकही होता. पण पुड्यांचं त्यांनाही सांगितलं नव्हतं.

अशात मोबाईलवर जाहिरात आली. चिंता, व्यसन, खाण्यावरचा ताबा, सगळं घरबसल्या आणि "कॅमेरा बंद ठेवून". मी त्या कॅमेरा बंदवरच गेले.

पहिला कॉल फुकट. पलीकडची मुलगी म्हणाली, "ताई, यात तुमची काही चूक नाही." मी रडले. डोळे पुसून होईतो पॅकेज पुढ्यात: बारा सत्रं, 48 हजारांची, आज रात्री बारापर्यंत 30 हजारांत. "एकदम कुठे द्यायचेत? महिन्याला अडीच हजार, व्याज नाही." आधार, पॅन, सेल्फी, ओटीपी. दिलं सगळं. आता सांगते ते काय होतं: एका फायनान्स कंपनीचं माझ्या नावावरचं कर्ज. समुपदेशनवाल्यांना पूर्ण रक्कम लगेच पोचली, हप्ते माझ्या मागे राहिले. दुसऱ्या कोणी असा कागद माझ्या टेबलावर आणला असता तर मी त्याला ओरडले असते.

दोन सत्रं बरी झाली. तिसऱ्याला ती मुलगी गायब, तिच्या जागी एक "कोच". त्यांनी गोळ्यांना "केमिकल" म्हणत बंद करायला लावलं आणि मला व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये टाकलं. तिथे रोज ताटाचा फोटो आणि वजनकाट्यावरच्या पायांचा फोटो. वजन वाढलं की सगळ्यांदेखत "शिस्त नाही". मी दिवसभर उपाशी राहायला लागले आणि रात्रीचा एक पुडा दोनावर गेला.

त्याच ग्रुपमध्ये रोज पिणारे एक काका होते. त्यांना एका दिवसात दारू सोडायला लावली होती. हात थरथरतात, झोप नाही, भिंतीवर काहीतरी हलताना दिसतं, असं त्यांनी लिहिलं. कोचचं उत्तर: "विष बाहेर पडतंय, अभिनंदन." रोजची दारू अशी एकदम तोडली तर फिट येऊ शकते, भ्रम होतो, जिवावरही बेततं. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधं देऊन सोडवतात. हे मला नंतर कळलं. काकांचे मेसेज तिसऱ्या दिवशी थांबले.

गोळी सोडल्यावर चौथ्या दिवशी मला मान वळवली की डोक्यात करंट बसल्यासारखं व्हायला लागलं. मिरज गाठली. बाई रागावल्या नाहीत. ही गोळी हळूहळूच उतरवायची असते म्हणाल्या. तेव्हा कुठे पुड्यांचं सांगितलं. त्यांनी त्याला नावही दिलं, बिंज ईटिंग, आणि उपचार सुरू केले.

पैसे परत मागितले तर कोच म्हणाले, "तुमच्या सत्रांची रेकॉर्डिंग्ज आमच्याकडे आहेत, विषय वाढवू नका." त्या रात्री ह्यांना सगळं सांगितलं. ह्यांनी पुडे मोजले नाहीत, सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा 1930 लावला. सायबर पोर्टलवर तक्रार झाली, ग्राहक हेल्पलाइन 1915 वरही झाली. फायनान्स कंपनीचं म्हणणं एकच: सेवा कशी मिळाली ते आम्ही बघत नाही. असं डिजिटल कर्ज सुरुवातीच्या ठरावीक मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचा खर्च भरून दंडाशिवाय रद्द करता येतं, रिझर्व्ह बँकेचा तसा नियम आहे. मी जागी झाले दोन महिन्यांनी.

कोचच्या नावापुढे "सर्टिफाइड" होतं, कोणाचं ते मी विचारलंच नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते आणि नोंदणी क्रमांक संकेतस्थळावर तपासता येतो. मानसोपचारतज्ज्ञांची नोंद मेडिकल कौन्सिलकडे. "काउन्सेलर" किंवा "कोच" मात्र कोणीही लावतं. चांगले समुपदेशकही असा क्रमांक नसलेले असतात, पण काय शिकलात, कुठे, कोणाच्या हाताखाली काम केलं, असं विचारलं तर ते चिडत नाहीत.

आणि फुकटात मदत होतीच की. मानसिक त्रासासाठी टेलिमानसचा 14416 हा सरकारी नंबर ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे, चोवीस तास, मराठीतही. एकदा रात्री दीडला लावला, पुडा फोडायच्या आधी. दारूसाठी अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभांना फी नसते, आणि पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र तर 1986 पासून आहे. काकांना हे तेव्हा सांगता आलं असतं.

हप्ते मी भरतेय. कर्जविभागातल्या बाईचंच सिबिल खराब झालं तर कुठल्या तोंडाने लोकांकडे वसुलीला जाऊ? दर पाच तारखेला मेसेज येतो. अजून सात बाकी आहेत.