पणजी शोधायची आहे : परदेशी ऑनलाइन कोर्स घ्यावा की मोडीचा वर्ग?

घराण्याचा इतिहास काढायला बसलेल्याची गाडी बहुतेक वेळा एकाच जागी अडते. पणजोबांचे पणजोबा सापडतात, पण पणजी सापडत नाही. कुलवृत्तान्त उघडला तर ‘पत्नी सरस्वती’ एवढ्यावर काम भागवलेलं. तिच्या मुलींची तर नावंही नसतात, नुसतं ‘कन्या २’. तहसीलला जोडायची वंशावळ घ्या, त्यातही वडील, आजोबा, पणजोबा अशी पुरुषांचीच उतरंड. जातीचा दाखला बापाकडून चालतो, त्यामुळे बायकांना त्या कागदावर जागाच नाही.

मग माणूस कोर्स शोधू लागतो. समोर दोन वाटा येतात. एक, स्त्री-पूर्वज आणि लहान मुलं यांचा शोध कसा घ्यावा हे शिकवणारे इंग्लंड-अमेरिकेतले ऑनलाइन कोर्स. दुसरी, आपला मोडीचा वर्ग, म्हणजे जुने मराठी कागद ज्या लिपीत आहेत ती शिकवणारा. मी दोन्हींची फी भरली आहे.

परदेशी कोर्सचं आधी बोलतो, कारण जाहिरात त्याचीच जास्त दिसते. शिकवतात फार छान. इंग्लंडमध्ये १८३७ पासून जन्म, विवाह, मृत्यूची सरकारी नोंद आहे आणि जन्माच्या दाखल्यावर आईचं माहेरचं आडनाव येतं. १९११ च्या जनगणनेत प्रत्येक विवाहितेला विचारलं होतं की जिवंत जन्मलेली मुलं किती, त्यातली हयात किती, गेली किती. दोन जनगणनांच्या मधल्या दहा वर्षांत जन्मून गेलेलं मूल त्या एका आकड्यामुळे हाताशी लागतं. हे वाचताना मला खरंच हेवा वाटला. आपल्याकडे जनगणनेच्या घरोघरच्या नोंदी १९४८ च्या कायद्याने कुणालाच बघता येत नाहीत. म्हणजे कोर्समधला अर्धा स्वाध्याय आपल्यासाठी कोराच. मी तर शेवटी दुसऱ्याच कुणाच्या तरी यॉर्कशरमधल्या खापरपणजीवर निबंध लिहून सुटलो!

तरी एक गोष्ट तिथे पक्की शिकलो. बाईचा माग तिच्या नावाने काढू नये, तिच्या भोवतालच्या माणसांच्या नावाने काढावा. लग्नाचे साक्षीदार, बाप्तिस्म्याचे धर्मपिता, शेजारी, भाऊ. सासरी नाव बदलणाऱ्या आपल्या बायकांना तर हे दुप्पट लागू.

तुमचं घराणं गोव्यातलं ख्रिस्ती असेल, किंवा मूळ शाखा मॉरिशसला गेलेली असेल, तर हा कोर्स डोळे झाकून घ्या. गोव्यातल्या चर्चच्या बाप्तिस्मा वह्यांत कित्येकदा बाळाच्या आईबापांबरोबर दोन्हीकडच्या आजी-आजोबांचीही नावं असतात. मॉरिशसला गेलेल्या गिरमिटियांचे, म्हणजे करारावर नेलेल्या मजुरांचे कागद मोकाच्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आहेत आणि तिथे बाईची नोंद तिच्या स्वतःच्या नावाने झालेली असते. असे कागद कसे वाचायचे, एकाशी दुसरा कसा ताडायचा, याचं वळण या कोर्समध्ये चांगलं लागतं.

आता मोडी. पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ आणि सरकारचं पुराभिलेख संचालनालय यांचे वर्ग अधूनमधून निघतात. खासगी वर्गही आता पुष्कळ झालेत. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती बसली आणि मोडी वाचणाऱ्याला एकदम भाव आला.

मोडीत आधी आडवी रेघ आखायची आणि मग तिच्याखाली अक्षरं लटकवत जायची. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, शब्दाशब्दांत अंतर नाही. पण दोन शब्द डोळ्यांत बसले की बायका दिसायला लागतात : ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा आणि ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको. ‘गंगाबाई कोम सखाराम’ हे मी पहिल्यांदा स्वतःच्या डोळ्यांनी लावलं तेव्हा पाऊण तास गेला होता. बाळबोध, म्हणजे देवनागरी कागदात त्याच जागी ‘भ्र.’ येतं, म्हणजे भ्रतार.

वर्गाची माझी तक्रार अशी, की मी गेलो तिथे शेवटपर्यंत पेशवाईतली पत्रंच वाचून घेतली. वळणदार, कारकुनी हात. गावच्या कुलकर्ण्याचं घाईतलं लिखाण हे वेगळंच जनावर असतं. म्हणून फी भरण्याआधी एकच विचारा : जन्म-मृत्यूच्या नोंदवह्या, वारसनोंदी, फेरफार वाचून घेणार का? नाही म्हणाले तर दुसरा वर्ग बघा.

मुलांच्या बाबतीत दोन्ही कोर्स कमी पडतात, कारण त्यातली गोम फक्त इथल्या कागदांत आहे. गाव नमुना १४, म्हणजे गावची जन्म-मृत्यूची नोंदवही, जिला सगळे कोतवाल बुक म्हणतात, तिच्यात बापाचं नाव आणि ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढंच बऱ्याचदा असतं. नोंद होते तेव्हा बारसं व्हायचं असतं ना! १९६९ च्या कायद्यानेही नाव न घालता नोंद करून ते मागाहून भरायची सोय ठेवली आहे. तेव्हा नावाने शोधू नका, बापाच्या नावाने आणि सालाने शोधा. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये मात्र मुलगी माहेरच्या पूर्ण नावानिशी भेटते. जन्मतारीख १ जून असेल तर ती गुरुजींनी दिलेली आहे असं समजून पुढे जावं.

मग घ्यावं काय? पणजीचं लग्न १९५० च्या आसपासचं किंवा नंतरचं असेल तर दोन्ही नको. कागद बाळबोधीत आहेत, ते तुम्हाला वाचता येतात. त्याआधीचं असेल आणि घर गावातलं, जमीनजुमल्याचं असेल, तर मोडी. परदेशी कोर्स मी दुसऱ्या नंबरवर ठेवीन, तोही पद्धत शिकण्यापुरता.

आणि कशालाही पैसे भरण्याआधी दोन फुकटची कामं. पितृपक्षात गुरुजींना द्यायची नावांची चिठ्ठी कुणाच्या घरी आहे ते बघा. श्राद्धात आई, आजी, पणजी या तिघींची नावं उच्चारली जातात. ती नावं सासरची असतात हे खरं, पण ओळीने तीन पिढ्या मिळतात. दुसरं म्हणजे घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या आत्याला ‘पणजीचं नाव काय’ असं विचारू नका. तिला ते माहीत नसतं, किंवा माहीत असलं तरी घ्यायची सवय नसते. ‘आजोबांचं आजोळ कुठलं’ असं विचारा.

आमच्या आत्याने गावाचं नाव क्षणात सांगितलं, कारण आजोबांच्या मुंजीला मामा तिथून बैलगाडीत गुळाच्या ढेपा घालून आला होता. त्या गावच्या तलाठ्याकडे मी त्या मामाच्या नावाचे फेरफार काढायला लावले. तो १९६१ साली निपुत्रिक वारला होता, बायको आधीच गेलेली, त्यामुळे वारस म्हणून बहिणीचं नाव लागलेलं. शाई फिकट, पण बाळबोध : ‘कृष्णा ऊर्फ सरस्वतीबाई भ्र.’ आणि पुढे आमच्या पणजोबांचं नाव.