पूलचं फर्निचर सात महिने झाकून ठेवलं होतं, परवा उघडलं: कव्हर, कुशन आणि पंप रूमचा अनुभव

परवा सगळी कव्हरं काढली. आठ लाउंजर (पाय पसरून पडायच्या लांब खुर्च्या), चार साध्या खुर्च्या, एक सागवानी टेबल, दोन छत्र्या आणि कुशनांचा हा एवढा ढीग, सगळं सात महिने बंद होतं. मागच्या वेळी हेच उघडलं तेव्हा असा कुबट वास आला होता की मी दोन पावलं मागे सरकले होते, आणि तीन कुशनं तर तशीच टाकून द्यावी लागली. यावेळी एकाही कुशनला वास नाही, फ्रेमवरून हात फिरवला तर फक्त धूळ. म्हणून म्हटलं सविस्तर लिहूया, कारण कव्हर घ्यायच्या आधी मी जेवढे रिव्ह्यू वाचले ते सगळे पार्सल आल्यावर चार दिवसांत लिहिलेले होते, "फिटिंग छान, कापड जाड" एवढंच. कव्हर कसं निघालं ते खरं तर काढायच्या दिवशी कळतं.

आधी मागच्या वेळचं सांगते. तेव्हा मी जाड ताडपत्री घेतली होती, प्लास्टिकची, पूर्ण वॉटरप्रूफ, आणि दोरीने आवळून पार जमिनीला टेकवली होती. पाण्याचा थेंब आत जाता कामा नये एवढंच डोक्यात होतं. तसा तो गेलाही नाही, पण आतला दमटपणा बाहेर पडायलाही जागा राहिली नाही ना. दुपारी ताडपत्री तापायची, कुशनमधली ओल वाफ होऊन वर जायची, रात्री ताडपत्री गार पडली की तिच्या आतल्या बाजूला थेंब धरायचे आणि तेच पाणी परत कुशनवर टपकायचं. महिनोन्‌महिने रोज हेच चाललेलं. वरून बघाल तर ताडपत्री एकदम कोरडी ठणठणीत, आणि खाली सगळं बुरशीने भरलेलं.

यावेळचं कव्हर विणलेल्या पॉलिएस्टरचं आहे, आतून पातळ कोटिंग, दोन्ही बाजूंना जाळीच्या छोट्या खिडक्या आणि त्यांच्यावर पाऊस आत येऊ नये म्हणून झडप. खालच्या कडेला बक्कलवाले पट्टे. मी ते मुद्दाम जमिनीपासून चार बोटं वर ठेवलं, म्हणजे खालून हवा शिरते आणि खिडकीतून बाहेर जाते. टेबलाच्या मधोमध एक बादली उपडी ठेवून त्यावर कव्हर टाकलं म्हणजे तंबूसारखा उतार झाला आणि पाणी साचलं नाही. ही बादलीची गोष्ट छोटी वाटते पण साचलेल्या पाण्याचं वजन खूप असतं, त्याने शिवण ताणते आणि मग तिथूनच गळायला लागतं.

पण सगळं श्रेय कव्हरला दिलं तर ते खोटं होईल. निम्म्याहून जास्त फरक पडला तो झाकायच्या आधी नीट वाळवल्यामुळे.

एक गोष्ट मला उशिरा कळली. अ‍ॅक्रिलिक किंवा पॉलिएस्टरचं कापड बुरशी खात नाही, ती वाढते त्याच्यावर बसलेल्या मळावर. अंगाचं तेल, सनस्क्रीन, धूळ, पानांचा चुरा, हे तिचं खाणं. त्यामुळे वरून स्वच्छ दिसणारं कुशन न धुता ठेवलं तर काही महिन्यांत काळे ठिपके आलेच समजा. मी कोमट पाण्यात सौम्य पातळ साबण आणि मऊ ब्रश एवढंच वापरलं. कापडाच्या मधल्या भागापेक्षा कडेच्या शिवणीत, ती गोल पायपिंग असते ना तिथे, सगळा मळ बसलेला असतो. जुना टूथब्रश घेऊन पायपिंगच्या खाली घासलं तर राखाडी पाणी येतच राहिलं, एका कुशनला तर चार वेळा बादली बदलली. आणि साबण पूर्ण निघेपर्यंत धुवा, राहिलेल्या साबणावर पुन्हा धूळ चिकटते.

जिथे बुरशीचे डाग आधीच होते तिथे ब्लीच लागलं. रंग धाग्यातच मिसळलेलं अ‍ॅक्रिलिक कापड असेल तर ते चालतं, साधारण 1 लिटर पाण्यात 60 मिली घरगुती ब्लीच आणि 15 मिली सौम्य साबण, पंधरा मिनिटं ठेवून भरपूर पाण्याने धुवायचं, हातात ग्लोव्हज घालूनच. छापील डिझाइनचं किंवा सुती कापड असेल तर ब्लीचने रंग उडतो, माझ्या एका निळ्या कुशनवर तळहाताएवढा फिका डाग कायमचा राहिलाय. लेबल वाचा आणि आधी मागच्या बाजूला कोपऱ्यात थोडंसं लावून बघा.

आता तो केशरी डाग. लाउंजरच्या जाळीदार कापडावर खांद्याच्या आणि पोटरीच्या जागी गंजासारखे पिवळट केशरी डाग पडलेले, आणि मी दोन सीझन ते ब्लीचने घासत होते, दर वेळी ते जास्तच उठून दिसायचे. कारण नंतर समजलं. बऱ्याच सनस्क्रीनमध्ये अ‍ॅव्होबेन्झोन नावाचं ऊन अडवणारं रसायन असतं, त्याची पाण्यातल्या लोहाशी गाठ पडली की असा रंग धरतो, म्हणजे हा डाग गंजाच्याच जवळचा. त्यावर ब्लीच उलट काम करतं. आम्लाने फरक पडतो, मी पाण्यात सायट्रिक अ‍ॅसिड विरघळवून लावलं, थोडा वेळ ठेवून धुतलं, दोन वेळा केल्यावर डाग बराच फिका झाला, पूर्ण गेला नाही. पण प्लीज हे नीट वाचा: ब्लीच आणि कुठलंही अ‍ॅसिड किंवा व्हिनेगर एकाच धुण्यात वापरू नका, त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि तो छातीत जातो. अमोनिया असलेलं क्लीनरही ब्लीचबरोबर नको. मी दोन्ही कामं वेगवेगळ्या दिवशी करते, मध्ये कापड भरपूर धुऊन पूर्ण वाळवून.

आणि मग वाळवणं. इथेच मी मागच्या वेळी घाई केली होती. एक दिवस कडक उन्हात ठेवलं, हात लावला तर कोरडं लागलं, झाकून टाकलं. कापड कोरडं असतं पण आतला फोम ओलाच असतो. यावेळी चेन उघडून सगळी कुशनं उभी ठेवली, चेनची बाजू खाली, म्हणजे पाणी निथळून तिथून बाहेर पडतं. तिसऱ्या दिवशी वाटलं झालं, म्हणून खालच्या कोपऱ्याला टिश्यू पेपर लावून दोन्ही हातांनी जोरात दाबलं, आणि टिश्यूवर नाण्याएवढा ओला गोल उमटला! तीन दिवसांनंतर! मग बाजू बदलून आणखी दोन दिवस ठेवली आणि प्रत्येक कुशनच्या चारही कोपऱ्यांना टिश्यू लावून बघितला. वेळ जातो, हो, पण यावेळी एकही कुशन फेकावं लागलं नाही ते यामुळेच. मोठ्या उघड्या छिद्रांचा लवकर वाळणारा फोम मिळतो, पाणी त्यातून सरळ आरपार जातं, नवीन घेणार असाल तर तोच बघा.

कुशनं ठेवली झाकणवाल्या कडक प्लास्टिकच्या पेट्यांमध्ये, कारण उंदरांना फोम घरट्यासाठी फार आवडतो आणि पातळ पिशवी ते सहज कुरतडतात. हवा ओढून घेणाऱ्या पिशव्यांच्या नादी लागू नका, कितीतरी महिने दाबून राहिलेला फोम नंतर पुन्हा नीट फुगत नाही.

आता पंप रूम, म्हणजे पूलचा पंप बसवलेली खोली. हे लिहिताना अजून वाईट वाटतं. जागा नव्हती म्हणून मागच्या वेळी दोन लाउंजर आणि दोन खुर्च्या पंप रूममध्ये ठेवल्या, छप्पर आहे, पाऊस नाही, अजून काय पाहिजे असं वाटलं. तिथेच क्लोरीनच्या गोळ्यांचा डबा आणि पीएच कमी करायचं अ‍ॅसिड ठेवलेलं होतं. उघड्यावर झाकून ठेवलेल्या लाउंजरपेक्षा हे कितीतरी खराब निघाले. स्टेनलेसचे स्क्रू तपकिरी ठिपक्यांनी भरलेले, पाठ वरखाली करायची बिजागरी इतकी जाम की तेल सोडून दोन दिवस ठेवल्यावर हलली, आणि अ‍ॅल्युमिनियमवर जिथे जिथे पावडर कोटिंगला (पावडर भाजून चढवलेल्या रंगाच्या थराला) टवका उडालेला होता तिथे पांढरी भुकटी धरलेली. डबे बंद असले तरी क्लोरीनची आणि अ‍ॅसिडची वाफ थोडी थोडी सुटत राहते, आणि बंद खोलीत ती धातूवर बसते, स्टेनलेससुद्धा त्यापुढे टिकत नाही. शिवाय त्या गोळ्या जबरदस्त ऑक्सिडायझर, म्हणजे दुसऱ्या वस्तूंना पेट घ्यायला मदत करणाऱ्या, असतात, त्यांच्याजवळ तेलकट कापड, फोम, लाकूड ठेवणं म्हणजे आगीचाही धोका. तेव्हा पूलची केमिकल्स जिथे असतील तिथे फर्निचर नको, त्यापेक्षा बाहेर कव्हरखाली ठेवलेलं बरं.

स्क्रूंबद्दल अजून एक. अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेममध्ये स्टेनलेसचा स्क्रू असेल आणि खारट किंवा क्लोरीनचं पाणी तिथे साचत असेल तर दोन धातूंच्या जोडामुळे अ‍ॅल्युमिनियम झिजतं. सॉल्ट सिस्टीमचा, म्हणजे पाण्यातल्या मिठापासून क्लोरीन तयार करणारा, पूल असणाऱ्यांनी जास्त लक्ष द्या. मी सगळे स्क्रू काढून साध्या पाण्याने धुतले, पुसले आणि परत लावताना नायलॉनचे वॉशर घातले.

फ्रेमच्या पाइपमधलं पाणी हा असा विषय आहे ज्याबद्दल कुणी बोलतच नाही. एक लाउंजर उचलून आडवा केला तर आत खळखळ आवाज. खालच्या बाजूला पाणी जायला बारीक भोकं असतात, ती मातीने बुजली होती. टूथपिक घातली तर काळं पाणी धारेने बाहेर आलं, चांगलं पेलाभर. जिथे थंडीत पाणी गोठतं तिथे हे महागात पडू शकतं, बर्फ होताना पाणी साधारण 9 टक्के फुगतं आणि पाइप उभा चिरतो. भोकं मोकळी करा, फ्रेम दोन्ही बाजूंना कलती करून पाणी काढा आणि ठेवताना भोकं खाली राहतील असं ठेवा.

सागवानी टेबलाला मी यावेळी तेल लावलंच नाही. राखाडी पडलं तरी ते खराब होणं नसतं, उन्हाने वरचा थर रंग बदलतो एवढंच, लाकडात स्वतःचं तेल असतं. मऊ ब्रशने रेषांच्या दिशेने साबणपाणी, आणि वाळल्यावर हवा खेळणारं कव्हर, बास. प्रेशर वॉशर मात्र लांब ठेवा, एकदा मारला होता तर मऊ रेषा उखडून पृष्ठभाग खरखरीत झाला, हात फिरवला की कुसळं लागतात. पावडर कोटिंगवरही जवळून मारला तर टवका उडालेल्या जागेवरून कोटिंग सुटतं.

बाकीचं भराभर. पांढऱ्या प्लास्टिकच्या खुर्च्या साबणाने निघतात, तो पांढरा मॅजिक स्पंज घासतो म्हणूनच साफ करतो, रोज वापरला तर चकाकी जाते. छत्री दोन दिवस उघडी ठेवून वाळवली, सैल बांधून उभी ठेवली, पाणी भरायचा स्टँड रिकामा केला. जाळीचे लाउंजर एकावर एक ठेवताना मध्ये जुने टॉवेल घातले, नाहीतर वरच्याचा पाय खालच्या कापडावर कायमचा वळ उठवतो.

कव्हरच्या तक्रारी पण आहेत. वरची बाजू सात महिन्यांत उन्हाने बरीच फिकी झाली. दोन बक्कल कडक होऊन तुटले, आता तिथे दोरी बांधते. तिरका पाऊस लागतो त्या बाजूच्या शिवणीतून थोडं पाणी झिरपलं, पण हवा खेळत असल्यामुळे ते आत टिकलं नाही. सगळ्यात जास्त खटकलं ते साइझ, मी एक नंबर मोठं घेतलं होतं, ते वाऱ्यात फडफडत राहिलं आणि दोन लाउंजरच्या कोपऱ्यांवरचं पावडर कोटिंग घासून घासून पार धातू दिसायला लागला. महिन्याभरात लक्षात आलं म्हणून वाचलं, मग कोपऱ्यांना जुन्या चादरीच्या पट्ट्या गुंडाळल्या आणि पट्टे आणखी आवळले. घेताना फर्निचर टेपने मोजा, अंदाजाने घेऊ नका.

दर महिन्याला एका कोरड्या दिवशी दोन तास सगळी कव्हरं काढून ठेवायची असं ठरवलं होतं, सात पैकी पाच वेळा जमलं. घासलेल्या कोपऱ्यांना बारीक सँडपेपर मारून टचअप पेंट लावलाय, सध्या ते दोन लाउंजर सावलीत वाळताहेत, आणि पंप रूमवाल्या खुर्च्यांना नवीन स्क्रू घालायचं काम या आठवड्यात घेतलंय.